कौशल्य कुणाचं, क्षमता कुणाची?



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते ते सर आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे शिल्पनिदेशक होते. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आज पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत आहेत, काही या सभागृहातही बसली आहेत. कामाच्या जागी आपण माणसाचं नेमकं काय मोजतो आणि काय मोजायचं राहून जातं, हा विषय बोलायला मला याहून योग्य जागा सापडली नसती.

कारखान्यात काम केलेल्या प्रत्येकानं लाइनच्या टोकाला लावलेला स्किल मॅट्रिक्सचा फळा पाहिला असेल. डावीकडे कामगारांची नावं, वर कामांची यादी आणि प्रत्येक चौकटीत चार भाग केलेलं एक वर्तुळ. एक भाग काळा केलेला असला की माणूस शिकतो आहे, दोन असले की देखरेखीखाली काम करतो, तीन असले की स्वतंत्रपणे करतो, आणि चारही भरले की ते काम तो दुसऱ्याला शिकवू शकतो. रजेवर गेलेल्या माणसाच्या जागी कुणाला उभं करायचं हे या फळ्यावरून मिनिटभरात कळतं, म्हणून तो मला उपयोगाचा वाटतो. माझी हरकत आहे ती चौथ्या भागाला. पहिले तीन भाग एकाच गोष्टीचे चढते टप्पे आहेत. हात बसत जातो, चुका कमी होतात, वेग वाढतो. शिकवणं हा त्याच्या पुढचा टप्पा नाही. शिकवायचं तर समोरच्याची चूक कुठे होते आहे ते दिसावं लागतं, ती वेळेवर आणि अपमान न करता थांबवावी लागते, आपल्या हाताला सवयीनं जे जमतं ते शब्दांत सांगता यावं लागतं. उत्तम वेल्डर आणखी उत्तम झाला म्हणून त्याला हे येऊ लागेल असं नाही. तरी आपण त्याच वर्तुळातला उरलेला पाव भाग काळा करतो आणि काम झालं असं समजतो.

आजच्या व्याख्यानाचा विषय या उरलेल्या पाव भागात आहे.

कौशल्य म्हणजे नेमून दिलेलं काम ठरलेल्या मापात करता येणं, असं मी धरून चालते. ते पाहता येतं, त्याचे तुकडे करून शिकवता येतं, त्याची परीक्षा घेता येते. फिटरनं फाईल मारून चौकोनी ठोकळा केला, तो मायक्रोमीटरनं मोजला, गो-नोगो गेजमध्ये तपासला, की मतभेदाला जागा उरत नाही. क्षमता ही त्याहून पसरलेली गोष्ट आहे. जबाबदारीच्या जागेवर उभं राहिल्यावर ज्ञान, कौशल्य, अंदाज, स्वभाव आणि माणसांशी वागणं या सगळ्याची मोट बांधून जे काम निभावलं जातं, ती क्षमता. पोळी पातळ लाटता येणं वेगळं आणि शंभर पानांची पंगत वेळेवर बसवून वेळेवर उठवणं वेगळं, हे आपल्याकडच्या कुठल्याही घरातल्या जाणत्या बाईला सांगावं लागत नाही. कारखान्यात आणि कचेरीत मात्र ते पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

सगळ्यात जास्त नुकसान कुठे होतं ते आधी सांगते. एखाद्या टूलरूममध्ये एक माणूस असतो, ज्याच्या हातचा जॉब कधी परत येत नाही. वर्षं जातात, सुपरवायझरची जागा रिकामी होते, आणि कृतज्ञतेपोटी म्हणा, सेवाज्येष्ठतेपोटी म्हणा, ती जागा त्याला मिळते. आता त्यानं मशीनला हात लावायचा नसतो. त्यानं पाळ्या लावायच्या, दोघांचं भांडण मिटवायचं, प्लॅनिंगवाल्याला 'हे या आठवड्यात होणार नाही' असं तोंडावर सांगायचं, आधीच्या शिफ्टचा निरोप पुढच्या शिफ्टला पोचवायचा. यातलं काहीच त्याला कुणी शिकवलेलं नसतं. तो बिथरतो आणि पोरांच्या हातातला जॉब ओढून स्वतः करू लागतो, कारण तेवढंच त्याला खात्रीनं येतं. सहा महिन्यांत विभागानं एक अव्वल कारागीर गमावलेला असतो, आणि वाईट सुपरवायझर म्हणून त्याच्याच नावानं बोटं मोडली जात असतात. मी हे एकाहून अधिक ठिकाणी पाहिलं आहे. प्रत्येक वेळी त्या माणसाच्या फायलीत एकच शेरा होता: 'नेतृत्वगुणांचा अभाव.' त्याला त्या जागी बसवताना नेतृत्वगुण तपासले कुणी, हे कुठल्याच फायलीत नव्हतं.

हा भेद शास्त्र म्हणून मांडण्याचं श्रेय बहुतेक वेळा हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांना दिलं जातं. १९७३ मध्ये त्यांनी एक निबंध लिहून असं म्हटलं की शाळेतले गुण आणि बुद्धिमापन चाचण्या यांवरून नोकरीतल्या यशाचा भरवसा देता येत नाही. जे काम करायचं आहे त्याच्याशी जोडलेली क्षमता तपासा. त्याच्या मागे एक प्रत्यक्ष काम होतं. परदेशांत अमेरिकेची बाजू मांडणाऱ्या माहिती अधिकाऱ्यांची निवड तेव्हा सामान्यज्ञान आणि इंग्रजी भाषेच्या परीक्षेतून होई. मॅक्लेलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा रस्ता धरला. खात्यात ज्यांचं काम उत्कृष्ट मानलं जात होतं अशा अधिकाऱ्यांना आणि सर्वसाधारण अधिकाऱ्यांना त्यांनी वेगवेगळं बसवून प्रत्यक्ष प्रसंग सविस्तर सांगायला लावले. फरक दिसला तो तीन ठिकाणी: परक्या संस्कृतीतला माणूस खरोखर काय म्हणतो आहे ते ऐकू येणं, वैरभावानं वागणाऱ्याविषयीही माणूस म्हणून चांगली अपेक्षा टिकवणं, आणि नव्या गावात कुणाचं कुणाशी काय नातं आहे हे लवकर उमगणं. परीक्षेत यातलं काहीच विचारलं जात नव्हतं.

मॅक्लेलंड यांचा भारताशीही संबंध आहे आणि तो आपण विसरून गेलो आहोत. १९६४ च्या सुमारास आंध्रातल्या काकिनाडा गावच्या छोट्या उद्योजकांसाठी त्यांनी हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेसोबत एक कार्यक्रम केला. भांडवल दिलं नाही, यंत्रं दिली नाहीत; उद्दिष्ट ठरवणं, जोखीम तोलणं आणि स्वतःच्या कामाचा हिशेब घेणं याचा सराव करून घेतला. नंतरच्या पाहणीत, ज्यांना हे शिक्षण मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षा या माणसांनी अधिक नवे उद्योग उभे केल्याचं त्यांनी नोंदवलं. तेव्हा क्षमता जन्मजात असते, ती असते नाही तर नसते, असं म्हणणाऱ्यांनी निदान काकिनाडा आठवावं.

मॅक्लेलंड यांचं सगळंच टिकलं असं मी म्हणणार नाही. बुद्धिमापनावरची त्यांची टीका अतिरेकी होती, चाचण्यांचा आणि कामाचा संबंध त्यांनी मानला त्याहून पक्का आहे, असं १९९१ मध्ये, त्यांचा निबंध ज्यात आला होता त्याच नियतकालिकात, इतर संशोधकांनी दाखवायचा प्रयत्न केला. तो वाद मला इथे सोडवायचा नाही. त्यांची रीत मात्र टिकली, आणि माझ्या मते तीच अधिक मोलाची आहे: चांगलं काम करणाऱ्याला गुणांची यादी विचारू नका, प्रसंग विचारा. या रीतीचं मूळ दुसऱ्या महायुद्धातलं. जॉन फ्लॅनगन यांनी अमेरिकी हवाई दलासाठी वैमानिकांच्या निवडीचं काम करताना निर्णायक प्रसंग गोळा करायची पद्धत बसवली आणि १९५४ मध्ये ती सविस्तर लिहून काढली.

वैमानिकांचा विषय निघालाच आहे तर तिथे जरा थांबते, कारण कौशल्य आणि क्षमता यांतलं अंतर विमानाच्या कॉकपिटइतकं उघडं दुसरीकडे कुठे पडलेलं मला माहीत नाही.

२८ डिसेंबर १९७८ ला युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-८ विमान पोर्टलंडला उतरायच्या बेतात होतं. चाकं खाली घेताना मोठा आवाज झाला आणि चाकं नीट बसल्याचा दिवा लागला नाही. कॅप्टननं विमान जवळपास तासभर आकाशात फिरवत ठेवलं. बिघाड तपासला, प्रवाशांची आणीबाणीच्या उतरण्यासाठी तयारी करवून घेतली. त्याच्या नावावर २७,००० तासांहून अधिक उड्डाण होतं. त्या काळात इंधन संपत चाललं होतं. फ्लाइट इंजिनिअरला ते दिसत होतं, त्यानं ते सांगितलंही. पण ज्या आवाजात सांगायला हवं होतं त्या आवाजात नाही, आणि कॅप्टनचं लक्ष चाकांवरच खिळलेलं राहिलं. एकामागून एक इंजिनं बंद पडली आणि विमान शहराच्या उपनगरात कोसळलं. १८९ माणसांपैकी १० गेली. त्यांत तो इंजिनिअरही होता.

या अपघातात विमान चालवण्याचं कौशल्य कुणात कमी होतं? कुणातच नाही. कॅप्टन, सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअर, तिघांचेही परवाने पक्के होते. चौकशीत कॅप्टननं इंधनाकडे आणि सहकाऱ्यांच्या सूचनांकडे दुर्लक्ष केल्याचा ठपका आला, आणि बाकीच्या दोघांना परिस्थितीचं गांभीर्य ओळखता किंवा ठामपणे पोचवता आलं नाही हेही नोंदवलं गेलं. त्याच्या आदल्या वर्षी तेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमानं धडकून ५८३ माणसं मेली होती. त्यातल्या एका विमानाचा कॅप्टन कंपनीच्या वैमानिकांना प्रशिक्षण देणारा, तिथला सर्वांत मान्यवर वैमानिक होता. ही दोन्ही प्रकरणं समोर ठेवून १९७९ मध्ये नासानं कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेडनं आपल्या वैमानिकांसाठी वेगळं शिक्षण सुरू केलं. त्यात उड्डाणाचं नवं काहीच नव्हतं. कामं कशी वाटून घ्यायची, कनिष्ठानं शंका कशी मांडायची, ती ऐकली गेली नाही तर पुन्हा अधिक स्पष्टपणे कशी मांडायची, आणि वरिष्ठानं ती मागून कशी घ्यायची, याचा सराव होता. वर्गात बसवून व्याख्यान दिलं आणि सोडून दिलं असंही केलं नाही. सगळा ताफा एकत्र सिम्युलेटरमध्ये बसवायचा, पूर्ण उड्डाण करू द्यायचं, मध्ये बिघाड आणायचा आणि नंतर कोण काय बोललं, कोण गप्प बसलं, याची शांतपणे उजळणी करायची.

१९ जुलै १९८९ ला त्याच कंपनीच्या डीसी-१० विमानाचं शेपटीतलं इंजिन फुटलं आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा एकदम निकामी झाल्या. सुकाणू हालेना. असं घडलं तर काय करायचं याची कार्यपद्धतीच कुठल्या पुस्तकात नव्हती, म्हणजे शिकलेलं कौशल्य लागू पडेल अशी वेळच नव्हती. प्रवाशांमध्ये बसलेला कंपनीचा एक प्रशिक्षक वैमानिक पुढे आला. कॅप्टन अल हेन्स यांनी त्याला दोन वैमानिकांच्या मध्ये थ्रॉटलवर बसवलं, आणि उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत त्या चौघांनी विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. ते तुटलं, पेटलं, ११२ माणसं गेली. १८४ वाचली. हेन्स पुढे आयुष्यभर सांगत राहिले की आम्हाला जे शिक्षण मिळालं होतं ते नसतं तर कॅप्टन एकटाच निर्णय घेत बसला असता आणि कुणीच वाचलं नसतं.

हे अमेरिकेत घडलं, आपल्याकडे माणसं वेगळी आहेत, असं कुणाला वाटत असेल तर २२ मे २०१० ची मंगळूरची दुर्घटना पाहावी. दुबईहून आलेलं विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १५८ जीव गेले. सहवैमानिकानं उतरणं रद्द करून पुन्हा वर जाऊ असं तीनदा सुचवलं होतं, असं चौकशी अहवालात आहे. तीनदा सांगूनही न ऐकणारा आणि तीनदा सांगून चौथ्यांदा गप्प होणारा, अशी जोडी आपल्या किती कचेऱ्यांत रोज समोरासमोर बसते, याचा विचार मला अस्वस्थ करतो. तिथे विमान पडत नाही एवढंच. रिजेक्शन वाढतं, चुकीची फाइल पुढे सरकते, रुग्णाला चुकीचं औषध जातं.

आता मी माझ्या मुद्द्याच्या गाभ्याशी येते. विमानाच्या उदाहरणावरून असं वाटू शकतं की क्षमता हीसुद्धा माणसाच्या आतलीच वस्तू आहे. कौशल्याहून सूक्ष्म, पण असते त्याच्याजवळच. मला ते पटत नाही. कौशल्य माणूस बरोबर घेऊन येतो आणि बरोबर घेऊन जातो. पुण्यातला चांगला टर्नर कोल्हापूरला गेला तरी चांगला टर्नरच राहतो. क्षमतेचं तसं नाही. ती अर्धी माणसात असते आणि अर्धी त्याला मिळालेल्या कामाच्या मांडणीत.

याचा पुरावा म्हणून मी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मोटारकारखान्याचं उदाहरण देते. जनरल मोटर्सचा तो कारखाना १९८२ मध्ये बंद झाला तेव्हा त्याची ख्याती फार वाईट होती. गैरहजेरी २० टक्क्यांवर जायची, संप व्हायचे, गाड्यांचा दर्जा कंपनीच्या सगळ्या कारखान्यांत खालचा. कामगारच असे आहेत, असं सगळे म्हणत. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून तोच कारखाना नव्या नावानं सुरू केला आणि बहुतांश माणसं जुनीच घेतली, जुन्या युनियनसकट. गटप्रमुखांना जपानला पाठवून टोयोटाच्या लाइनवर उभं केलं. ते परत आल्यावर लाइनवरच्या कामगारांना एक दोरी मिळाली. काम करताना दोष दिसला, वेळ पुरली नाही, तर कामगारानं ती ओढायची. गटप्रमुख धावत मदतीला येणार. ठरलेल्या जागेपर्यंत प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबणार. ज्या माणसांना पूर्वी लाइन थांबवणं हा गुन्हा आहे असं बजावलं जात होतं, त्यांच्या हातात ती थांबवण्याचा अधिकार आला. गैरहजेरी २ टक्क्यांच्या आसपास उतरली आणि वर्षभरात तिथल्या गाड्या दर्जात वरच्या पंक्तीला गेल्या.

हात तेच होते. नट आवळायचं कौशल्य १९८२ लाही त्यांच्यात होतं. दोष दिसल्यावर बोलणं, शेजाऱ्याला सांभाळून घेणं, काम सुधारण्याची सूचना करणं हे जे दोन वर्षांपूर्वी कुणाला दिसत नव्हतं, ते बाहेर यायला जागा मिळाली. जुन्या व्यवस्थेत त्याच माणसांची क्षमताचाचणी घेतली असती तर 'पुढाकाराचा अभाव' असंच लिहिलं गेलं असतं, आणि ते पाहणाऱ्याच्या दृष्टीनं खरंही ठरलं असतं.

आपल्या महाराष्ट्रातलं एक उदाहरण मला याहूनही मोठं वाटतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९० च्या दशकात ३९ गावांत नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा प्रयोग केला. गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करणं, थर्मामीटर पाहणं, मिनिटाचे श्वास मोजणं, जन्मतः न रडलेल्या बाळाला श्वास देणं आणि जंतुसंसर्गाची ठरवून दिलेली लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं. हे काम डॉक्टरशिवाय कुणी करू नये असं तेव्हा वैद्यकविश्व मानत होतं. त्याही आधी, न्यूमोनिया ओळखण्याच्या कामात, आकडे न येणाऱ्या दाईलाही श्वास मोजता यावेत म्हणून मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं एक साधं साधन त्यांनी केलं होतं. प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आले. त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला होता.

मला या प्रयोगात दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. पहिली, कौशल्याबद्दलचा आदर. मणी आणि वाळूचं घड्याळ करणाऱ्यानं 'या बायकांना जमायचं नाही' असं म्हटलं नाही. काम असं मांडलं की जमावं. दुसरी गोष्ट यादीत कुठेच लिहिलेली नसते. रात्री बोलावणं आलं तर जाणं. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत बाळाला गुंडाळून ठेवायला सासूला राजी करणं. लक्षणं पूर्ण जुळत नसताना सुई न टोचण्याचा आणि जुळत असताना न घाबरता टोचण्याचा निर्णय त्या घरात, त्या क्षणी, एकटीनं घेणं. बाळ वाचलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच घरासमोरून जाणं. ही क्षमता त्या बायांमध्ये उगवली, पण तिला खतपाणी होतं. दर पंधरवड्याला येऊन नोंदी तपासणारं, चूक असेल तर पुन्हा शिकवणारं कुणीतरी होतं, औषध संपत नव्हतं, गावाला विचारून त्यांची निवड झालेली होती. यातलं एक काढून घ्या आणि मग त्या बाईच्या क्षमतेचं मूल्यमापन करा, निकाल वेगळाच येईल.

पुढे २०११ मध्ये नवजात बालकांची घरगुती काळजी हा देशाच्या आरोग्य कार्यक्रमाचा भाग झाला. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा कार्यकर्ती त्या घरी जाते. तिनं काय करायचं याची तपासणी-यादी आहे आणि ती चांगली आहे. पण कागदोपत्री आशा अजून स्वयंसेविका आहे, तिला पगाराऐवजी मोबदला मिळतो. किमान वेतनाच्या अधिसूचना पाहिल्या तर तिथे अकुशल, अर्धकुशल, कुशल अशा पायऱ्या आहेत. घरात पाऊल ठेवू देण्याइतका विश्वास मिळवणं कुठल्या पायरीवर बसतं? आपली वेतनव्यवस्था कौशल्याला कमी का होईना पैसे देते. जबाबदारी पेलण्याला खालच्या स्तरावर ती काहीच देत नाही, आणि वरच्या स्तरावर मात्र त्याच गोष्टीला 'लीडरशिप' म्हणून मोठं पॅकेज देते. हा अन्याय मला फार जुना आणि फार मुरलेला वाटतो.

सरकारी पातळीवर या भेदाची जाण आलेली नाही असं नाही. २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखड्यात प्रत्येक स्तराच्या वर्णनात ज्ञान आणि कौशल्यासोबत जबाबदारी हा स्वतंत्र मुद्दा आहे. २०२० मध्ये मंजूर झालेल्या मिशन कर्मयोगीत सरकारी नोकराची क्षमता वर्तनाची, कामाची आणि विषयाची अशी तीन अंगांनी पाहायची असं ठरलं आहे. कागद चांगले आहेत. अडचण येते ती अशी, की जबाबदारी हा शब्द आराखड्यात लिहिला तरी परीक्षेच्या दिवशी परीक्षकासमोर एक जॉब, एक लेखी पेपर आणि पाच मिनिटांची तोंडी एवढंच असतं. तेवढ्यात जॉब तपासता येतो. माणूस एकट्यानं अडचणीत काय करतो ते तपासता येत नाही.

खासगी कंपन्यांच्या क्षमताकोशांबद्दल, म्हणजे माणसात कोणत्या क्षमता हव्यात याच्या त्यांच्या याद्यांबद्दल, माझी तक्रार अधिक कडक आहे. तिथे 'संवाद' लिहिलेलं असतं आणि तपासलं जातं इंग्रजी. 'आत्मविश्वास' लिहिलेलं असतं आणि पाहिलं जातं खुर्चीवर बसण्याची ढब. 'आपल्या संस्कृतीत बसेल का' या रकान्यात आडनाव, गाव आणि शाळा नकळत उतरतात. कौशल्याची परीक्षा निदान आंधळी असते. मायक्रोमीटरला जात कळत नाही. क्षमता ढोबळ शब्दांत लिहून ती मुलाखत घेणाऱ्याच्या मर्जीवर सोडली, तर दलित, आदिवासी, ग्रामीण मुलांना ज्या दारातून आत यायला आयटीआयनं मदत केली तेच दार आपण मागून लोटून घेतो. अमेरिकेत १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात असा निर्णय दिला होता की, जी चाचणी कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवते तिचा प्रत्यक्ष कामाशी संबंध मालकाला दाखवता आला पाहिजे. हेतू वाईट नव्हता एवढं म्हणून भागत नाही. क्षमतेचे रकाने भरणाऱ्या प्रत्येक कंपनीनं ही कसोटी स्वतःला लावून घ्यावी असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

याच्या अगदी उलट वागणारा एक मालक आपल्या मातीत होऊन गेला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना उभारला तेव्हा त्यांच्याकडे निवड-चाचण्या नव्हत्या. शाळेत नापास झालेल्यांच्या, शिक्षण अर्धवट सुटलेल्यांच्या हातात त्यांनी यंत्रं आणि विभाग सोपवले, आणि दरोडेखोरीची शिक्षा भोगून आलेल्यांना कारखान्याच्या रखवालीवर ठेवलं. त्या माणसांनी ती राखण नेकीनं केली. लक्ष्मणरावांनी त्यांची क्षमता आधी मोजली आणि मग विश्वास टाकला असं घडलं नाही. क्रम उलटा होता.

मग करायचं काय, असं तरुण अधिकारी मला विचारतात. माझी पहिली विनंती अशी की अप्रेझलच्या कागदावर 'पुढाकार: ५ पैकी ३' असं लिहिणं थांबवावं. त्याऐवजी वर्षातला एक प्रसंग लिहावा: काय बिघडलं, हा माणूस तेव्हा काय म्हणाला, त्यानं काय केलं, आणि ते करायला त्याला अधिकार होता का. शेवटचा प्रश्न गाळायचा नाही. अधिकार नसताना पुढाकार नाही म्हणून गुण कापणं हा सरळ खोटा हिशेब आहे. दुसरी विनंती बढतीबद्दल आहे. अव्वल कारागिराला कारागीर म्हणूनच वर चढता यावं, सुपरवायझर न होताही त्याचा पगार आणि मान वाढावा, अशी वेगळी शिडी प्रत्येक कारखान्यानं ठेवावी. ज्याला माणसं सांभाळायची आहेत त्याला जागा देण्याआधी महिना-दोन महिने दुसऱ्या सुपरवायझरच्या हाताखाली पाळ्या लावू द्याव्यात, निरोप देऊ-घेऊ द्यावेत.

आणि तिसरी विनंती आयटीआयच्या आणि अप्रेंटिस प्रशिक्षणाच्या मंडळींना, कारण सरांचं काम तिथलं होतं. ट्रेड टेस्टच्या वर्षात प्रत्येक बॅचला एक दिवस असा द्या की ज्यात चालू मशीनमध्ये निदेशकानं मुद्दाम बिघाड केलेला आहे. दोघा मुलांच्या हातात ते मशीन द्या. दोन तासांनी त्यांना थांबवा, काम अर्धवट असेल तसं, आणि पुढच्या जोडीला हँडओव्हर द्यायला सांगा: तोंडी आणि लॉगबुकमध्ये. पुढच्या जोडीला काय कळलं आणि काय कळलं नाही ते सगळ्यांसमोर उलगडून दाखवा. कोण कुणाला बोलू देत नव्हतं तेही सांगा, नाव न ठेवता. यासाठी नवं यंत्र लागत नाही, सिम्युलेटर तर मुळीच लागत नाही; एक जुना लेथ, एक वही आणि मुलांची चूक होऊ देण्याइतका धीर असलेला निदेशक पुरेसा आहे. असे निदेशक आपल्याकडे आहेत. त्यांच्या वेळापत्रकात हा एक दिवस कुणी लिहून दिलेला नाही, तो लिहून द्यावा.